गोष्टीतून हरवलेला न्यायाधीश

कौशिक नावाचा एक तपस्वी नद्यांच्या संगमाजवळ राहत होता. नेहमी खरंच बोलायचं, हे त्याचं व्रत, आणि त्याची ख्यातीही तीच. एकदा काही माणसं दरोडेखोरांच्या भीतीने जीव घेऊन पळत आली आणि जवळच्या रानात शिरली. मागोमाग दरोडेखोर पोहोचले. हा माणूस खोटं बोलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ती माणसं कुठल्या वाटेने गेली, एवढंच त्यांनी विचारलं. झाडा-वेलींनी भरलेल्या त्या रानात गेली, असं कौशिकाने सांगितलं. दरोडेखोरांनी सगळ्यांना गाठून मारलं. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण ही गोष्ट सांगतो आणि पुढे म्हणतो की, धर्माचं सूक्ष्म रूप न कळलेला तो कौशिक नरकात गेला.

१७९७ साली क्योनिग्सबर्गमध्ये ७३ वर्षांच्या इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने जवळजवळ हाच प्रसंग हाताळला. मारेकरी दारात उभा आहे. ज्याच्या जिवावर तो उठला आहे, तो मित्र तुमच्या घरात लपलेला आहे. तो आत आहे का, असं मारेकरी विचारतो. बोलणं टाळताच येत नसेल तर खोटं बोलायचा अधिकार तुम्हाला नाही, असं कांट म्हणतो. म्हणजे एकाच्या निवाड्यात कौशिक नरकात जातो आणि दुसऱ्याच्या निवाड्यात तो निर्दोष सुटतो.

काही वर्षांपूर्वी एका व्यावसायिक अभ्यासक्रमात नीतिशास्त्राच्या तासाला मी मागच्या बाकावर बसले होते. फळ्यावर तीन रकाने होते: नियम, परिणाम, चारित्र्य. पहिल्यात कांट, दुसऱ्यात बेंथम आणि मिल हे इंग्रज तत्त्वज्ञ, तिसऱ्यात अ‍ॅरिस्टॉटल. मग एक प्रसंग दिला गेला. एका कंपनीला आपल्या यंत्रातला दोष कळला आहे, तर तिने तो ग्राहकांना सांगावा की नाही? एका मुलाने दुसऱ्या रकान्यावरून दोष लपवणं योग्य ठरवलं, कारण शेकडो लोकांच्या नोकऱ्या वाचत होत्या. मग त्यानेच पहिल्या रकान्यावरून तो उघड करणं योग्य ठरवलं. दोन्ही बाजू नीट मांडल्या म्हणून त्याचं कौतुक झालं. ‘तुझ्यावर वेळ आली तर तू काय करशील?’ हे त्याला कोणीही विचारलं नाही. तो मुलगा हुशार होता, आणि त्या तासाला तो जे शिकला त्याची मला आजही काळजी वाटते. आधी निर्णय घ्यायचा आणि मग त्याला शोभेल असा सिद्धान्त रकान्यातून उचलायचा, हे तो शिकला.

डॉक्टर, व्यवस्थापक, अधिकारी, संगणकप्रणाली लिहिणारे अशा अनेकांच्या शिक्षणात आता नीतिशास्त्र आलं आहे. ते यायलाच हवं होतं. पण ते ज्या पद्धतीने शिकवलं जातं, तिच्याबद्दल माझी गंभीर तक्रार आहे. प्रत्येक सिद्धान्त कोणाच्या तरी जिवाला लागलेल्या प्रश्नातून जन्मला आहे. तो प्रश्न गाळून नुसता सिद्धान्त हातात दिला, तर कुठल्याही कृत्याच्या समर्थनासाठी तो वाकवता येतो. प्रश्नासकट दिला तर इतक्या सहज वाकत नाही, कारण हा सिद्धान्त कोणाच्या बाजूने उभा राहिला होता हे लक्षात राहतं.

कौशिकाच्या गोष्टीचंच पाहा. त्या फळ्यावर श्रीकृष्णाला बसवायचं तर तो बहुधा परिणामांच्या रकान्यात गेला असता. पण ही गोष्ट तो कधी सांगतो? कर्णाकडून घायाळ होऊन शिबिरात परतलेला युधिष्ठिर वैतागाच्या भरात अर्जुनाला म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्या कोणाला देऊन टाक. असं म्हणणाऱ्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा असते. तो तलवार उपसतो, समोर थोरला भाऊ. त्या क्षणी कृष्ण त्याला कौशिक सांगतो. ‘धारणाद्धर्ममित्याहुः’ हे प्रसिद्ध वचन याच संवादातलं आहे: जे धारण करतं, सांभाळतं, तो धर्म. आणि मग तो अर्जुनाला प्रतिज्ञा मोडायलाही सांगत नाही. वडीलधाऱ्या माणसाला ‘तू’ म्हणणं हा त्याचा वधच आहे, म्हणून युधिष्ठिराला ‘तू’ म्हण, असं सुचवतो. अर्जुन तसं करतो आणि पश्चात्तापाने स्वतःवरच तलवार चालवायला निघतो. त्यावर कृष्ण म्हणतो, स्वतःची स्तुती कर, आत्मस्तुती म्हणजे आत्महत्याच. ही निव्वळ परिणामांची बेरीज नाही आणि नियमाची आंधळी पाळणूकही नाही. दिलेला शब्द, थोरल्याचा जीव आणि धाकट्याचं मन अशा तिन्ही गोष्टी वाचवायची ही धडपड आहे. मराठी वाचकाला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतलं अंतर समजावून सांगायला नको. एका सर्वनामात केवढी इजा करण्याची ताकद असते, हे आपण घराघरांत पाहतो.

कांटचा निवाडा मला चुकीचा वाटतो, हे आधी सांगून टाकते. दारातल्या मारेकऱ्याला खरं सांगावं लागत असेल, तर त्या खरेपणात कुठे तरी माणूस हरवला आहे. पण कांटला तिथवर काय घेऊन गेलं, हेही बघावं लागतं. बेंजामिन कॉन्स्तां या फ्रेंच विचारवंताने म्हटलं होतं की, ज्याला सत्यावर हक्क आहे त्याच्याशीच खरं बोलणं हे कर्तव्य. कांटला यात धोका दिसला. सत्यावर कोणाचा हक्क आहे हे बोलणाऱ्यानेच ठरवायचं असेल, तर करार, साक्ष, शब्द यांना आधार काय उरला? ही भीती खरी आहे. ‘लोकांना हे कळलं तर गोंधळ उडेल’ असं म्हणून खरी माहिती दाबून ठेवणाऱ्या प्रत्येक सत्तेने कॉन्स्तांचाच युक्तिवाद वापरला आहे.

कांटच्या नीतीचं मूळ मात्र या वादात नाही, त्याहून बरंच मागे आहे. घोड्यांचे साज बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा विद्वान झाला आणि विद्येच्या अभिमानात अडाणी माणसांना तुच्छ लेखू लागला. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे, १७६०च्या दशकात आपल्याच एका पुस्तकाच्या प्रतीत केलेल्या टिपणांमध्ये. रूसो या विचारवंताने मला ताळ्यावर आणलं, माणसाचा मान राखायला मी शिकलो, असं तो तिथे म्हणतो. माझ्या कामातून माणसाचे हक्क प्रस्थापित होत नसतील, तर मी साध्या कष्टकऱ्यापेक्षाही निरुपयोगी, अशी त्याची भावना होती. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी, १७८५ साली, त्याने ते सूत्र लिहिलं: माणसाला, मग तो तुम्ही असा की दुसरा कोणी, कधीही नुसतं साधन म्हणून वापरू नका. हे सूत्र आधी स्वतःचा माज उतरलेल्या माणसाने लिहिलं आहे. वर्गात ते नियमांच्या रकान्यात जातं तेव्हा जणू एखाद्या काटेकोर कारकुनाचं वाटतं.

आता दुसरा रकाना, जिथे मला सगळ्यात जास्त अन्याय झालेला दिसतो. ‘जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख’ हे सूत्र आज बहुतेक वेळा वरच्या खुर्चीतून ऐकू येतं. थोड्यांनी त्याग करावा, व्यापक हित साधेल. पण जेरेमी बेंथम कोणाच्या विरोधात उभा होता? तो वकिलीचं शिक्षण घेतलेला आणि वकिली न केलेला माणूस. त्याच्या काळात इंग्लंडच्या कायद्यात मृत्युदंडाचे गुन्हे वाढत जाऊन दोनशेवर गेले. एका शिलिंगहून जास्त किमतीची वस्तू खिशातून गुपचूप मारली तरी फाशी होऊ शकत होती. ही शिक्षा का, असं विचारलं की उत्तर यायचं: परंपरा, देवाची इच्छा, निसर्गाचा नियम. बेंथमने विचारलं, या शिक्षेने दुःख किती होतं आणि टळतं किती? दाखवा हिशोब. त्याच्या हातात मोजमाप हे दुबळ्यांच्या बाजूने वापरायचं हत्यार होतं. त्याच तर्काने त्याने सुमारे १७८५ साली समलैंगिक संबंधांना शिक्षा असू नये, असं लिहिलं. यात इजा कोणाला होते, हा त्याचा प्रश्न होता. इंग्लंडमध्ये तेव्हा त्यासाठी फाशी होती. ते लिखाण त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही, ते १९७८ साली प्रसिद्ध झालं. १७८९च्या ग्रंथात तर तो प्राण्यांपर्यंत गेला: त्यांना विचार करता येतो का, बोलता येतं का, हा प्रश्नच नव्हे, त्यांना दुःख होतं का, हा प्रश्न.

(परिणाम तोलून पाहणं ही काही इंग्लंडची मक्तेदारी नव्हे. इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात चीनमध्ये मोत्सेने आक्रमक युद्धांविरुद्ध याच पद्धतीचा युक्तिवाद केला होता. सोंग या छोट्या राज्यावरचा हल्ला थांबवायला तो दहा दिवस, दहा रात्री पायी चालत गेला, अशी त्याच्या परंपरेतली कथा आहे.)

‘प्रत्येकाला एक मोजा, कोणालाही एकापेक्षा जास्त नको’ हे वचन मिलने बेंथमच्या नावावर नोंदवलं आहे. ते विसरलं की काय होतं, याचं ठसठशीत उदाहरण अमेरिकेतल्या अलाबामातलं. तिथे १९३२ साली सार्वजनिक आरोग्य सेवेने टस्कीगीच्या परिसरात ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास सुरू केला. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश (सिफिलिस) होता. रोग उपचारांविना कसा वाढतो, हे बघायचं होतं. त्या माणसांना सांगितलं गेलं की तुमचं ‘रक्त बिघडलं’ आहे आणि आम्ही उपचार करतो आहोत. पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याची वेदनादायक तपासणी ‘खास मोफत उपचार’ म्हणून पत्र पाठवून खपवली गेली. शवविच्छेदनाला परवानगी मिळावी म्हणून दफनाचा खर्च देऊ केला गेला. १९४०च्या दशकात पेनिसिलिन हा प्रस्थापित उपचार झाला, तरी ते त्यांना दिलं गेलं नाही. १९७२ साली वृत्तपत्रांत बातमी फुटली तेव्हा हे थांबलं. चाळीस वर्षं.

अशा प्रयोगाचं समर्थन ‘मानवजातीसाठी ज्ञान’ असंच केलं जातं, आणि वर्गात कोणीतरी हमखास म्हणतं, बघा, उपयुक्ततावाद, म्हणजे बेंथम-मिलचा सुखदुःखाचा हिशोब, इथे घेऊन जातो. मला हे मान्य नाही. त्या ३९९ माणसांना एकेक म्हणून कोणी मोजलंच नव्हतं. त्यांचं दुःख, त्यांच्या बायकांना लागण होण्याचा धोका, हे हिशोबात कुठे होतं? बेंथम वाचलेल्या माणसाने तिथे पहिला प्रश्न हाच विचारला असता. पण हिशोब बरोबर मांडला असता, तरी एक प्रश्न उरतोच आणि तो कांटचा आहे: त्यांना विचारलं होतं का? या प्रकरणानंतर अमेरिकेत आयोग नेमला गेला आणि १९७९ साली माणसांवरच्या संशोधनासाठी बेलमाँट अहवालाची तीन तत्त्वं आली. त्यांतलं पहिलं आहे व्यक्तीचा आदर. आज कुठल्याही औषधचाचणीत सहभागी होण्याआधी संमतीपत्र वाचायला मिळतं. त्यात एक ओळ असते: ‘तुम्ही कधीही, कोणतंही कारण न देता, या अभ्यासातून बाहेर पडू शकता.’ ती ओळ बोट ठेवून वाचावी. कांटचं सूत्र आणि त्या माणसांची चाळीस वर्षं, दोन्ही तिच्यात आहेत. फळ्यावरच्या तीन रकान्यांपेक्षा हे एक पान मुलांना जास्त शिकवेल, असं मला मनापासून वाटतं.

आता त्या ट्रॉलीबद्दल. नीतिशास्त्राचा एक तास ऐकलेल्या माणसालाही ती माहीत असते. ताबा सुटलेली ट्रॉली, रुळांवर बांधलेली पाच माणसं, दुसऱ्या रुळावर एक, आणि तुमच्या हातात खटका. हात वर करा, किती जण खटका ओढतील?

मूळ गोष्ट फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ स्त्रीने १९६७ साली एका निबंधात लिहिली. निबंध गर्भपाताच्या प्रश्नावर होता. त्यात खटका ओढणारा वाटसरू नाही, ट्राम चालवणारा चालक आहे. रुळांवर कोणी बांधलेलं नाही, ती माणसं तिथे काम करत आहेत. आणि ट्रामच्या शेजारी दुसरा एक प्रसंग आहे. जमाव खवळला आहे. गुन्हेगार सापडला नाही तर तो निरपराधांचे जीव घेणार. न्यायाधीश एका निष्पाप माणसाला गुन्हेगार ठरवून फासावर देऊ शकतो, म्हणजे बाकीचे वाचतील. संख्या दोन्हीकडे सारखीच बोलते. तरी चालकाने ट्राम वळवावी असं आपल्याला वाटतं, आणि न्यायाधीशाने तसं केलं तर अंगावर काटा येतो. फूट यांचा प्रश्न होता, हा फरक कशामुळे? इजा न करण्याचं कर्तव्य आणि मदत करण्याचं कर्तव्य यांचं वजन वेगळं असतं, या दिशेने त्यांनी उत्तर शोधलं.

गोष्ट पुढे जगभर फिरली आणि फिरता फिरता न्यायाधीश गळून पडला. उरला तो खटका आणि पाच विरुद्ध एक असा आकडा. ज्या उदाहरणाने संख्येच्या पलीकडे बघायला शिकवायचं, तेच आता संख्येवर मत द्यायला वापरलं जातं. याची मला हळहळ वाटते, कारण न्यायाधीशाचा प्रसंग हा आपल्या सार्वजनिक जीवनाच्या फार जवळचा आहे. जमाव शांत व्हावा म्हणून कोणाचा तरी बळी देणं ही काल्पनिक गोष्ट नाही.

फूट ज्या वर्तुळातल्या, त्याच ऑक्सफर्डच्या वर्तुळात तत्त्वज्ञ एलिझाबेथ अ‍ॅन्सकम होत्या. १९५६ साली विद्यापीठाने अमेरिकेचे माजी अध्यक्ष ट्रुमन यांना मानद पदवी द्यायचं ठरवलं, तेव्हा अ‍ॅन्सकम यांनी उभं राहून विरोध केला. हिरोशिमा आणि नागासाकीत निरपराधांना मारणं हे साधन म्हणून निवडलं गेलं, आणि त्याला खून हाच शब्द आहे, असं त्यांचं म्हणणं. पदवी दिली गेलीच. दोन वर्षांनी एका निबंधात त्यांनी ‘परिणामवाद’ या अर्थाचा इंग्रजी शब्द पहिल्यांदा वापरला, तो टीका म्हणून. आज पाठ्यपुस्तकात तो तटस्थ नाव म्हणून छापला जातो. त्याच निबंधाने अ‍ॅरिस्टॉटलच्या सद्गुणविचाराकडे आधुनिक लक्ष वळवलं. म्हणजे तिसऱ्या रकान्याचं पुनरुज्जीवन झालं, त्याच्या पाठीशी दोन जळालेली शहरं होती.

अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं थोडक्यात असं की, नीती ही सवयीने अंगी बाणते, आणि योग्य काय हे कळायलाही आधी माणूस घडलेला असावा लागतो. मला ते पटतं. पण याच अ‍ॅरिस्टॉटलने काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात, असंही लिहिलं. आणि मिल? १८६६ साली स्त्रियांच्या मताधिकाराचा अर्ज त्याने ब्रिटिश संसदेत मांडला, १८६९ साली स्त्रियांच्या पारतंत्र्यावर पुस्तक लिहिलं. तोच मिल १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. १८५९च्या स्वातंत्र्यावरच्या आपल्या ग्रंथात त्याने म्हटलं की, ‘रानटी’ लोकांवर त्यांच्या सुधारणेसाठी हुकूमशाही चालवणं रास्त आहे. ते लोक कोण, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. विचार कुठे जन्मला यावरून तो खरा की खोटा ठरत नाही. गणितातला सिद्धान्त कोणाच्या दुःखातून सुचला, याने काय फरक पडतो? बरोबर आहे. मिल कंपनीचा नोकर होता म्हणून त्याचा स्वातंत्र्यविचार रद्द होत नाही. पण मी उगमाकडून निवाडा मागत नाही. नीतीच्या सिद्धान्तात ‘माणूस’, ‘इजा’, ‘सुख’ हे शब्द येतात, आणि त्या शब्दांत कोणाला धरलं आहे, कोणाला वगळलं आहे, हे सूत्राकडे कितीही पाहिलं तरी दिसत नाही. ते त्याच्या जन्मकथेत दिसतं. मिलचं सूत्र त्याच्याच अपवादाविरुद्ध वापरायचं, तर आधी तो अपवाद माहीत हवा.

शिवाय काही वेळा प्रश्नच अपुरा असतो. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग मुलांना विचारत असे: बायको मरणाच्या दारात आहे, औषध परवडत नाही, औषधवाला ऐकत नाही, तर नवऱ्याने चोरी करावी का? कॅरल गिलिगन यांनी १९८२च्या पुस्तकात अकरा वर्षांच्या दोन मुलांची उत्तरं दिली आहेत. मुलगा ठामपणे म्हणतो, चोरावं, जीव पैशापेक्षा मोठा. मुलगी अडखळते. तो तुरुंगात गेला तर आजारी बायकोला कोण बघेल? त्या दोघांनी बसून बोलावं, औषधवाल्याला नीट समजवावं. नैतिक वाढ मोजायच्या कोलबर्गच्या मोजपट्टीवर मुलगी मागे पडली. ती मोजपट्टी मुळात मुलांच्या, म्हणजे मुलग्यांच्या, अभ्यासातून तयार झाली होती.

पहिला तास मला घ्यायला मिळाला तर मी फळ्यावर रकाने आखणार नाही. इसवीसनपूर्व ३९९ सालच्या अथेन्समधल्या कोठडीपासून सुरुवात करीन. प्लेटोने तो प्रसंग लिहिला आहे. सॉक्रेटिसला मृत्युदंड झाला आहे. डिलोस बेटावर गेलेलं जहाज परतलं की शिक्षा अमलात येणार. पहाटेच्या अंधारात त्याचा म्हातारा मित्र क्रिटो कोठडीत येतो. पहारेकरी त्याच्या ओळखीचा झालेला आहे, पळून जायची सगळी तजवीज झाली आहे. पण सॉक्रेटिस शांत झोपलेला असतो, म्हणून क्रिटो त्याला उठवत नाही. नुसता बघत बसतो.

मग बोलणं सुरू होतं. तुझी मुलं पोरकी होतील, क्रिटो म्हणतो. तुला वाचवता येत असताना आम्ही पैसा खर्च केला नाही, असं लोक म्हणतील. सॉक्रेटिस म्हणतो, आपण दोघं मिळून तपासून पाहू. अन्यायाच्या बदल्यात अन्याय करावा का? नुसतं जगणं मोलाचं की नीट जगणं? ज्या शहराच्या कायद्यांखाली सत्तर वर्षं राहिलो, ते आता मला न रुचणारा निकाल लागला म्हणून मोडू का? परिणाम, कर्तव्य, चारित्र्य, तिन्ही तिथे हजर आहेत, फक्त नावं पडायची आहेत. आणि यातला एक जण थोड्याच दिवसांत मरणार आहे.

शेवटी सॉक्रेटिस विचारतो, तुला यावर काही म्हणायचं असेल तर म्हण. क्रिटो म्हणतो, ‘सॉक्रेटिस, माझ्याकडे बोलायला काही नाही.’

तो पटून गप्प झाला की हरून, हे मी मुलांना विचारीन.